दुःखाचें मूळ कोठें शोधावें?

(देवपूर येथें आषाढी पौर्णिमेस दिलेलें व्याख्यान)



आज आषाढी पौर्णिमा. पेरण्या आटोपून निंदणी-कोळपणीचे दिवस आले असतां तुम्ही हातांतलीं कामें ठेवून, कोणी पांझरेच्या अलीकडून तर कोणी पलीकडून, येथें जमलां. विषयच असा आहे कीं, तो ज्याच्या घरीं नाहीं असें घर नाहीं. वक्त्याची थोरवी त्यांत कांहीं नाहीं. मी खेड्यांतला शाळामास्तर. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस मुलांना भागाकार कसा शिकवावा हें शिकविलें, पाली भाषा शिकविली नाहीं. मराठींत जें वाचावयास मिळालें तें चार चार वेळां वाचलें, आणि जें पटलें तें आज तुमच्यापुढें ठेवतों.

याच पौर्णिमेस, सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं, काशीजवळच्या मृगवनांत भगवान बुद्धानें आपलें पहिलें प्रवचन केलें अशी परंपरा आहे. त्या जागेस आज सारनाथ म्हणतात. श्रोते किती होते? अवघे पांच! राजा नव्हता, शेटसावकार नव्हता. हे पांच जण पूर्वीं त्याच्याबरोबर उपासतापास करीत होते, आणि त्यानें देह सुकविणें सोडून अन्न घेतलें तेव्हां ‘हा बिघडला’ म्हणून त्यास टाकून गेले होते. तो त्यांनाच शोधीत गेला. प्रवचन संपलें तेव्हां पांचांपैकीं एकास, कौंडिण्यास, तें समजलें; बाकीच्यांस मागाहून समजावून सांगावें लागलें. आम्हां मास्तरांना यांत मोठा धीर आहे. पहिल्या दिवशीं पांचांत एक मुलगा समजला तर तो धडा वायां गेला असें कोणी म्हणूं नये.

त्या प्रवचनांत सांगितलें काय? दुःख आहे, दुःखाला कारण आहे, तें कारण नाहींसें केलें तर दुःख नाहींसें होतें, आणि कारण नाहींसें करण्याचा मार्ग आहे. वैद्य रोग्याजवळ बसतो तो असाच बोलतो. रोग कोणता, कशानें झाला, बरा होईल कीं नाहीं, आणि औषध काय. कित्येक शिकलेले लोक म्हणतात, बुद्धाचा धर्म रडका आहे, त्यांत जिकडे तिकडे दुःखच दुःख. मी विचारतों, ताप आला आहे हें सांगणारा वैद्य रडका, कीं ताप अंगांत असतां ‘सर्व ईश्वरी लीला आहे’ म्हणून दक्षिणा घेऊन जाणारा शहाणा?

पण खरी मेख दुसऱ्या वाक्यांत आहे. दुःखाला कारण आहे, हें आपल्या लोकांस ऐकायला सोपें वाटतें. मानायला फार जड जातें. कारण आपल्याकडे दुःखाचीं उत्तरें आधींच तयार करून ठेवलेलीं आहेत. पीक गेलें, नशीब. मूल गेलें, पूर्वजन्मींचें पाप. नवरा दारू पिऊन मारतो, बाईचा भोग. कर्ज झालें, साडेसाती. असलीं उत्तरें बुद्धाच्या काळींही होतीं, आणि त्यानें त्यांची तीन टोपल्यांत वांटणी केली. एक पक्ष म्हणे, माणसास जें सुखदुःख होतें तें सगळें मागील कर्मामुळें. दुसरा म्हणे, सगळें ईश्वरानें निर्माण केलें म्हणून. तिसरा म्हणे, कशालाच कांहीं कारण नाहीं, सारें आपोआप. बुद्ध तिघांनाही एकच प्रश्न टाकतो. तसें असेल तर खून करणारा मागील कर्मामुळें खून करतो, चोर ईश्वराच्या इच्छेनें चोरी करतो; मग अमुक करावें आणि अमुक करूं नये, या बोलण्याला अर्थ काय उरला? हातपाय हलवावे कशाला? तिन्ही मतांचा शेवट हातावर हात ठेवून बसण्यांत होतो, हा त्याचा मुख्य आक्षेप.

याहून स्पष्ट एक संवाद आहे. राजगृहाच्या वेळुवनांत मोलिय शिवक नांवाचा परिव्राजक येऊन विचारतो, माणूस जें जें भोगतो तें पूर्वकर्माचें फळ, असें कित्येक श्रमण-ब्राह्मण सांगतात. आपलें काय म्हणणें? बुद्ध म्हणतो, बाबा, कांहीं वेदना पित्तानें होतात, कांहीं कफानें, कांहीं वातानें, कांहीं तिन्ही बिघडल्यानें. कांहीं ऋतु पालटल्यानें होतात. कांहीं शरीराची नीट निगा न राखल्यानें. कांहीं दुसऱ्यानें केलेल्या इजेनें. आणि कांहीं कर्माच्या फळानें. हें ज्याचें त्याला कळतें, जगालाही कळतें. तेव्हां सर्वच पूर्वकर्मानें होतें असें म्हणणारे जें स्वतः जाणत नाहींत तें सांगत सुटले आहेत.

आठ कारणांत कर्म एक! बाकीचीं सात पाहण्यासारखीं, तपासण्यासारखीं, पुष्कळ अंशीं टाळण्यासारखीं. पूर्वकर्माची आरोळी ठोकून तीं सात झांकून ठेवणें, हा आपल्या देशांतला फार जुना धंदा आहे, आणि तो चालविणाऱ्यांचें पोट त्यावर नीट भरत आलें आहे.

आमच्या गांवची गोष्ट सांगतों. एका सालदाराचा मुलगा माझ्याकडे चौथींत होता. पाढे म्हणण्यांत पहिला. पोळ्याच्या सुमारास बांधावर गवत कापतांना त्यास साप चावला. घरच्यांनीं भगताकडे नेलें. नारळ झाला, अंगारा झाला, लिंबाचा पाला चारून गोड लागतो कीं कडू तें पाहणें झालें. या खटाटोपांत तीन तास गेले. मग कोणीतरी मोटारसायकलवर घालून दवाखान्यांत नेलें, तों पोराची मान पडली होती. सर्पविषावर उतारा देणारी लस निघून शंभराहून अधिक वर्षें झालीं; सरकारी दवाखान्यांत ती मिळते. मी दारावर गेलों तेव्हां बाप भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून म्हणाला, “गुर्जी, मांगला जलमनं देनं व्हतं, फिटी गयं.”

त्या दारावर वाद घालण्याची ती वेळ नव्हती. त्या माणसाला त्या शब्दाचाच काय तो आधार होता. पण येथें वाद घातला पाहिजे, कारण साप दरसाल निघतात आणि बांधावर मुलें दरसाल जातात. मागल्या जन्माचें देणें म्हटलें कीं तीन तासांचा हिशेब कोणी मागत नाहीं. भगत सुटतो, गांवाला गाडी नाहीं हें सुटतें, शाळेंत सर्पदंशाचा धडा शिकवीत नाहींत हें सुटतें. अडकतें फक्त तें मेलेलें पोर, कीं ज्यानें मागल्या जन्मीं काय केलें तें त्यालाही ठाऊक नाहीं.

आतां कोणी म्हणेल, दुःख टळलें नाहीं तर निदान मेल्यावर तरी सद्गति मिळावी म्हणून कांहीं विधि करावे कीं नाहीं? याचें उत्तर नालंदेजवळच्या आमराईंत दिलेलें आहे. असिबंधकपुत्र नांवाचा गांवचा पाटील बुद्धास विचारतो, पश्चिमेकडचे कमंडलूवाले ब्राह्मण मेलेल्या माणसास मंत्रांनीं वर स्वर्गांत चढवितात म्हणे. आपल्यालाही तें येत असेल? बुद्ध त्यालाच विचारतो, पाटील, एखाद्यानें मोठा धोंडा खोल डोहांत टाकला आणि गांवचे सारे लोक हात जोडून कांठाकांठानें फिरूं लागले कीं, धोंड्या, वर ये, बाबा वर ये, तर धोंडा वर येईल काय? पाटील म्हणतो, नाहीं येणार. बरें, तुपाची घागर पाण्यांत फोडली, खापऱ्या बुडाल्या, तूप तरंगलें. आणि सारे लोक विनवूं लागले कीं, तुपा, बुड, बाबा बुड, तर बुडेल काय? तेंही नाहीं. माणसाच्या करणीचें असेंच आहे, एवढें बोलून त्यानें विषय संपविला.

आपल्या खानदेशांत गंधमुक्तीच्या जेवणासाठीं कर्ज काढणारीं घरें मला माहीत आहेत. बाप दवाखान्यांत असतां औषधाला पैसा निघत नाहीं, आणि बाप गेल्यावर पांचशें पानें उठतात! यांत केवळ भिक्षुकाला दोष देऊन आपण सुटूं शकत नाहीं. भिक्षुकाची दक्षिणा थोडी. भाऊबंदांचें जेवण मोठें. ‘लोक काय म्हणतील’ हा जो भट आपल्या प्रत्येकाच्या डोक्यांत बसला आहे, त्याची दक्षिणा सर्वांत भारी असते.

येथें मला त्या शब्दाकडे आलें पाहिजे, ज्यावरून बुद्धाच्या शिकवणीविषयीं सर्वांत अधिक गैरसमज आहे. तो शब्द तृष्णा. दुःखाचें मूळ तृष्णा, असें त्या पहिल्या प्रवचनांत सांगितलें आहे. आमच्या चळवळींतला एखादा तरुण हें ऐकून चवताळतो. तो म्हणतो, ज्याच्या ताटांत भाकर नाहीं त्याला तृष्णा सोड म्हणून सांगणें ही पुन्हां तीच लबाडी! आजवर देवाच्या नांवानें उपाशी ठेवलें, आतां बुद्धाच्या नांवानें ठेवा. या तरुणाचा राग मला आवडतो, आणि बुद्धाचें उत्तर तो ऐकेल तर त्याला तें आवडेल.

आळवी नगराची गोष्ट घ्या. धम्मपदाच्या जुन्या टीकेंत ती दिली आहे. बुद्ध फार लांबून चालत त्या गांवीं गेला. लोकांनीं जेवूं घातलें आणि सारे उपदेश ऐकायला बसले. पण हा बोलेचना. त्या गांवांत एक गरीब शेतकरी होता. त्यालाही ऐकायचें होतें, पण सकाळींच त्याचा बैल सुटून रानांत गेला होता. बैल शोधण्यांत त्याचा दिवस चढला. बैल सांपडला, तो गोठ्यांत बांधला आणि उपाशीपोटीं तसाच धांवत सभेंत आला. बुद्धानें आधीं विचारलें, कांहीं अन्न उरलें आहे काय? उरलें होतें. मग या माणसास आधीं वाढा. त्याचें जेवण होईपर्यंत सारी सभा थांबली, आणि मगच प्रवचन सुरू झालें. मागाहून भिक्षु आपसांत कुजबुजूं लागले कीं, असें यापूर्वीं कधीं केलें नव्हतें. तेव्हां त्यानें सांगितलें, भुकेसारखा दुसरा रोग नाहीं; भुकेल्याला धर्म समजत नाहीं म्हणून मी थांबलों. जो गुरु शेतकऱ्याच्या बैलासाठीं आणि जेवणासाठीं थांबतो, तो गरिबाला उपास शिकवायला निघाला होता असें म्हणणें कसें शोभेल?

आणखी ऐका. अंगुत्तर निकायांत कर्जावर एक स्वतंत्र सूत्रच आहे. मीं तें प्रथम वाचलें तेव्हां आपल्या आखाजीच्या बाजाराचें वर्णन वाचतों कीं काय असें झालें. संसारी माणसास दारिद्र्य हें दुःख. दरिद्री कर्ज काढतो, तें दुःख. कबूल केलेलें व्याज चढतें, तें दुःख. वेळेवर दिलें नाहीं म्हणून सावकार तगादा लावतो, तें दुःख. मग पाठीमागें माणसें लागतात, तें दुःख. शेवटीं बांधून नेतात, तें दुःख. एकामागून एक पायरी उतरत जावी तसें हें उतरत गेलें आहे. पुढें तो याची उपमा करून दुराचरणाकडे वळतो खरा. पण ज्याला कर्जबाजाऱ्याच्या पायऱ्या इतक्या बारकाईनें ठाऊक होत्या तो डोळे मिटून बसलेला साधु नव्हता. आणि अनाथपिंडिकास गृहस्थाचीं चार सुखें सांगतांना त्यानें धन असणें हें सुख मानलें, धन भोगणें हें सुख मानलें, आणि तिसरें सुख सांगितलें तें हें, कीं कोणाचें थोडें वा फार देणें नसणें. विदर्भांत, मराठवाड्यांत आणि आपल्या खानदेशांतही ज्या शेतकऱ्यांनीं कर्जापायीं जीव दिला, त्यांच्या घरच्यांस या तिसऱ्या सुखाचा अर्थ कोणीं समजावून सांगावा लागणार नाहीं.

तर मग तृष्णा कशाला म्हणावें? भाकरीच्या भुकेला तृष्णा म्हणत नाहींत. दीघजाणु नांवाचा एक कोलिय गृहस्थ बुद्धाकडे जाऊन म्हणाला, महाराज, आम्ही बायकापोरांचे लोक, गंध लावतों, हार घालतों, रुपया हाताळतों. आम्हांस झेपेल असें सांगा. त्याला वैराग्य सांगितलें नाहीं. मेहनतीनें व हुशारीनें धंदा कर, मिळविलेलें सांभाळ, चांगल्या माणसांची संगत धर, आणि तराजू हातांत धरणारा जसा पारडें पाहतो तशी जमा आणि खर्च पाहून राहा. जमा थोडी आणि डौल मोठा, तो माणूस उंबराचीं फळें खाणाऱ्यासारखा. खातो चार आणि झाड हलवून पाडतो शंभर. उलट, जमा मोठी असून जो कवडी सोडीत नाहीं तो अनाथासारखा मरतो. दोन्ही बाजूंनीं कान उपटले आहेत. आपल्या लग्नसराईंत मंडप, वाजंत्री, मानपान, हुंडा यांच्या पायीं कापसाचें येणारें पीक आधींच विकून बसणारा माणूस तृष्णेनें पछाडलेला आहे. मुलीला शाळेंत घालण्यासाठीं पैसे साठविणारा पछाडलेला नाहीं. एवढा विवेक केला म्हणजे पुरे.

आणि ही केवळ व्यक्तीची गोष्ट नव्हे. राजानें काय करावें तेंही सांगितलेलें आहे. कूटदंत नांवाचा ब्राह्मण शेंकडों बैल, गोऱ्हे, कालवडी खांबांस बांधून मोठा यज्ञ करणार होता. बुद्ध त्यास महाविजित राजाची जुनी कथा सांगतो. त्या राज्यांत चोऱ्या-दरोडे माजले होते, आणि राजाला यज्ञ करून पुण्य जोडायचें होतें. पुरोहितानें सल्ला दिला कीं, धरपकड आणि फांशी यांनीं चोर संपणार नाहींत. जे शेती व गुरें राखतात त्यांस बियाणें आणि चारा दे. जे व्यापार करतात त्यांस भांडवल दे. जे चाकरी करतात त्यांस पोटापुरता पगार दे. तसें केलें आणि लोक दारें उघडीं टाकून, पोरांना कडेवर नाचवीत राहूं लागले. सल्ला देणारा पुरोहितच होता, हें मुद्दाम सांगतों. शहाणपण कोणा जातीच्या मालकीचें नाहीं, आणि मूर्खपणाही नाहीं.

आतां पाण्याची गोष्ट, कारण आपण पांझरेच्या कांठीं बसलों आहों. शाक्य आणि कोलिय यांच्यामध्यें रोहिणी नदी वाहत होती. तिला बांध घालून दोन्ही तीरांचे लोक शेती भिजवीत. ज्येष्ठांत पाणी आटलें. एका तीराचे गडी म्हणाले, आमचें पीक एका पाण्यावर येईल, पाणी आम्हांस द्या. दुसऱ्यांनीं तेंच म्हटलें. शब्दानें शब्द वाढला, एकमेकांच्या कुळांचा उद्धार झाला, आणि अखेर तरवारी निघाल्या. बुद्धानें येऊन विचारलें, भांडण कशाचें? राजांना सांगतां येईना! सेनापतींना विचारलें, त्यांनाही ठाऊक नाहीं. विचारतां विचारतां शेतावरच्या गड्यांपर्यंत गेलें तेव्हां समजलें कीं, पाण्याचें. पाण्याची किंमत काय? थोडी. माणसाची? तिला मोल नाहीं. मग थोड्यासाठीं अमोल कां घालवितां?

ही झाली जुन्या टीकेंतली कथा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथांत या रोहिणीच्या पाण्याला फार मोठी जागा दिली. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी रस्त्यांत दिसले म्हणून एकोणतिसाव्या वर्षीं राजपुत्र घर सोडून गेला, ही प्रसिद्ध कथा त्यांना पटली नाहीं. हीं दृश्यें रोजचीं. तोंपर्यंत त्यानें पाहिलींच नव्हतीं कीं काय, असा त्यांचा रोकडा प्रश्न आहे. त्यांच्या मांडणींत सिद्धार्थ पाण्यावरून होणाऱ्या युद्धाला शाक्यांच्या संघांत उभा राहून विरोध करतो, मतांत हरतो, आणि घरच्यांवर बहिष्कार येऊं नये म्हणून स्वतः देशत्याग पत्करतो. म्हणजे पहिलें दुःख जें त्याच्या डोळ्यांत खुपलें तें माणसानें माणसाला दिलेलें. याच ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यांनीं चार आर्यसत्यांवरही बोट ठेवलें. जन्मच दुःख, मरण दुःख, पुनर्जन्म दुःख असें म्हटलें तर माणसाला आशा कोठें राहिली, असें त्यांनीं विचारलें. ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि बाहेरच्या कांहीं बौद्ध पंडितांस ही मांडणी रुचली नाहीं. परंपरेच्या ग्रंथांशीं ती सर्वत्र जुळत नाहीं हें खरें. पण मोलिय शिवकाचा संवाद, कर्जाचें सूत्र आणि कूटदंताची कथा हीं परंपरेच्याच ग्रंथांत आहेत, आणि तीं वाचल्यावर बाबासाहेबांनीं भलतीच वाट धरली असें मला तरी म्हणवत नाहीं.

त्यांच्या हातीं बुद्ध प्रथम कोणीं दिला, हेंही शिक्षकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९०७ सालीं ते मॅट्रिक झाले तेव्हां मुंबईंत सत्कारसभा भरली, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनीं आपण लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्या मुलाला बक्षीस दिलें. तें पुस्तक १८९८ सालचें. तेथून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपुराला एकोणपन्नास वर्षें लागलीं. मधल्या काळांत, ३१ जुलै १९३७ रोजीं, एका खटल्याच्या कामासाठीं बाबासाहेब आपल्या धुळ्यास आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्या दिवसाच्या आठवणीसाठीं दरसाल माणसें लोटतात, तें तुम्ही पाहतांच.

पाण्यावरून आठवलें. आपल्या पांझरेवर जुने बंधारे आहेत आणि फडांची वहिवाट आहे. एका फडांत एक पीक, पाट सर्वांनीं मिळून साफ करायचा, पाणी पाटकऱ्यानें पाळीनें द्यायचें, राखण जागल्यानें करायची, आणि पाणी कमी असेल त्या सालीं कमी फड भिजवायचे. ही व्यवस्था कित्येक पिढ्या चालली. आज ती पुष्कळ ठिकाणीं मोडली, कोठें कोठें टिकून आहे. रोहिणीच्या कांठीं जें सांगून समजवावें लागलें तें आपल्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या पूर्वजांनीं पाळी बांधून साधलें होतें. बंधारे मोडले कीं मन मोडलें, कीं विहिरीवर मोटार बसल्यावर शेजाऱ्याची गरज संपली, याचा विचार शेतकऱ्यांनींच करावा. मी त्यांत जाणता नाहीं.

पण इतकें सगळें केलें, कर्ज फेडलें, भगत सोडला, पाण्याची पाळी बांधली, तरी एक दुःख उरतें. येथें बसलेल्या आयाबहिणींना तें ठाऊक आहे. श्रावस्तीची किसा गोतमी मेलेलें मूल कडेवर घेऊन दारोदार औषध मागत फिरत होती. बुद्धानें तिला कर्म सांगितलें नाहीं आणि वेडीही म्हटलें नाहीं. ज्या घरांत कोणी मेलें नसेल त्या घरची चिमूटभर मोहरी आण, म्हणून सांगितलें. मोहरी घरोघर होती. तसें घर मिळेना. ही गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. मला तींत एवढेंच दाखवायचें आहे कीं, त्यानें तिला एकटीला कोपऱ्यांत बसवून उपदेश केला नाहीं, तर शेजाऱ्यांच्या दारीं पाठविलें. प्रत्येक दारीं कोणी बाई आपल्या गेलेल्या माणसाचें सांगत असेल. संध्याकाळीं तिनें आपण होऊन मूल स्मशानांत नेलें. आपल्याकडची दारावर जाण्याची चाल मुळांत हेंच काम करीत असावी. जेवणाचा थाट तिला मागून चिकटला.

दोन बाणांची उपमा याच जातीची. बाण लागला तर शहाण्यालाही दुखतें, अडाण्यालाही दुखतें. अडाणी त्याच जागीं दुसरा बाण आपल्या हातानें मारून घेतो. मलाच कां, कोणाची दृष्ट लागली, सुनेचा पायगुण वाईट, असलें सारें त्या दुसऱ्या बाणांत येतें. मूल गेल्याचें दुःख पहिला बाण. त्या मरणाचें खापर घरांत नव्यानें आलेल्या सुनेच्या माथीं फोडणें हा दुसरा, आणि तो तर आपण दुसऱ्याच्या अंगावर सोडतों!

जळगांवाहून अजिंठ्यास जाणारे पुष्कळ आहेत; शाळांच्या सहली जातात. सोळाव्या लेण्यांत नंदाची कथा रंगविली आहे. नवरा भिक्षु झाला, त्याचा मुकुट परत आला, आणि तो पाहून त्याची बायको कोसळली. दासी तिला सांवरीत आहेत. चितारणाऱ्यानें धर्माच्या मंदिरांत त्या बाईचें दुःख लपविलें नाहीं. धर्मामुळें झालेलें दुःखही लपविलें नाहीं, हें विशेष. शेजारच्या सतराव्या लेण्याच्या ओसरींत भवचक्राचा मोडका भाग शिल्लक आहे, तोही पाहावा. चित्र पुसट झालें आहे. मार्गदर्शकाला थांबवून विचारावें.

मार्गाविषयीं थोडक्यांत. दृष्टि, संकल्प, वाणी, कर्म, आजीविका, प्रयत्न, स्मृति, समाधि हीं आठ अंगें पाठ करणें सोपें आहे. माझीं मुलें एका दिवसांत पाठ करतात. तुम्हीं मात्र त्यांतलें आजीविका हें एक अंग आज घरीं न्यावें. मीं जें कमावतों त्यांत कोणाचें रडणें मिसळलें आहे काय, एवढें ज्यानें त्यानें पाहावें. वजनांत मारणारा व्यापारी, हातभट्टी लावणारा, सालदाराचा हिशेब आखाजीला लांबविणारा, आणि वर्गांत न शिकवितां पगार घेणारा मास्तर, सर्वांनींच.

शेवटीं एक. यमेळु आणि तेकुळ नांवाचे दोघे भाऊ, ब्राह्मणकुळांतले, आवाजानें गोड, बुद्धाकडे आले आणि म्हणाले, नाना जातींचे लोक आपापल्या बोलींत आपलें वचन बिघडवितात. आम्ही तें छंदोबद्ध करून ठेवतों. त्यानें त्यांस झिडकारलें आणि सांगितलें कीं, ज्यानें त्यानें आपापल्या बोलींतच तें शिकावें. मीं आज पुस्तकी मराठींत बोललों, कारण हें व्याख्यान पत्रांत छापून यावयाचें आहे. आतां प्रश्न विचारावयाचे असतील ते अहिराणींत विचारा. बाया मागें बसल्या आहेत, त्यांना पुढें येऊं द्या. पहिला प्रश्न त्यांचा घेऊं.